झुपकेदार कुत्र्याचे केस बारीक कापले, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात भरपूर केसांचा, फुगीर कोटचा कुत्रा आहे. कानामागे आणि काखेत जटा झाल्या, ब्रश आत शिरेना, म्हणून ग्रूमरने सगळं अंग बारीक करून दिलं. आता तो गप्प गप्प असतो, पोटाशी आणि जांघेत चाटत बसतो, मधूनच बूड जमिनीवर घासतो. केस पूर्वीसारखे येतील का? लवकर यावेत म्हणून तेल लावायचं का? आणि एवढ्याशा केसांना ब्रश करायची गरज तरी आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण माझ्याकडे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जटा घेऊन येणाऱ्या बहुतेक कुत्र्यांची गोष्ट तिथेच सुरू झालेली असते. केस कापले की आता दोन-तीन महिने सुटी, असं घरच्यांना वाटतं. खरं तर काम तेवढंच राहतं, त्याची जागा बदलते. पहिले दोन आठवडे ते काम कातडीचं असतं. केस वाढायला लागले की ते ब्रशचं होतं, आणि पुन्हा सगळं अंग भादरावं लागणार की नाही, हे त्या वाढीच्या आठवड्यांतच ठरतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. कातडीला चिकटलेल्या जटा तासन् तास ओढून सोडवत बसण्यापेक्षा ग्रूमरने त्या खालून कापून काढल्या, हे योग्यच केलं. जट प्रत्येक हालचालीला कातडी ओढते आणि तिच्याखाली ओल साचून राहते. कुत्र्याला त्यातून सोडवलं याबद्दल मनात खंत ठेवू नका.

आता तुमच्या कुत्र्याचा कोट कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. बाहेरून सारखेच फुगीर दिसणारे दोन कुत्रे आतून अगदी वेगळे असू शकतात. पूडल, बिशॉन फ्रिझे, माल्टीज, शिह त्झू, ल्हासा अप्सो यांचे केस खूप काळ वाढतच राहतात. ते वेळोवेळी कापावेच लागतात आणि कापल्यावर नेमाने परत येतात. पोमेरेनियन, स्पिट्झ, सामोयेड, हस्की, चाऊ चाऊ, गोल्डन रिट्रीव्हर हे डबल कोटचे. त्यांच्यात खाली दाट, मऊ लव असते आणि तिच्यावर लांब, जरा राठ असे संरक्षक केस. हे केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतात, मग बराच काळ तसेच थांबून राहतात आणि हंगाम आला की गळतात. जातीची खात्री नसेल तर केस कापण्याआधीचे दिवस आठवा. केस बाजूला करून पाहिल्यावर मुळाशी वेगळ्या पोताची, फिकी लव दिसायची का? वर्षातून एक-दोनदा घरभर केसांचे पुंजके व्हायचे का? मग तो डबल कोट. पूडलच्या संकरातून आलेल्या कुत्र्यांत दोन्हींचं मिश्रण असतं. त्यांची लव गळते, पण कुरळ्या केसांत अडकून तिथेच राहते, म्हणून जटा सगळ्यात लवकर त्यांनाच होतात. केस कधी आणि कसे येतील याचं उत्तर या फरकात आहे. पण ते थोडं पुढे, आधी आज-उद्याचं बघू.

केस कापल्यावर कुत्र्याला जाणवणारा बदल आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो. केसांच्या मुळांशी स्पर्श कळणाऱ्या नसा असतात. इतके दिवस वारा, गार फरशी, चटईचा खरखरीतपणा हे काहीच कातडीपर्यंत पोचत नव्हतं. आता सगळं थेट लागतं. म्हणून तो कोपऱ्यात जाऊन बसतो, मधेच दचकून स्वतःच्या पाठीकडे वळून बघतो. लोक म्हणतात त्याला लाज वाटतेय. माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा कातडीची अस्वस्थता असते आणि दोन-तीन दिवसांत निवळते. तोवर त्याला मऊ अंथरूण द्या, त्याच्याशी नेहमीच्याच आवाजात बोला आणि त्याला उगाच हाताळू नका.

चाटणं आणि बूड घासणं मात्र नीट तपासायला हवं. क्लिपरचं, म्हणजे केस कापायच्या यंत्राचं, पातं चालता चालता तापतं. जटांखालची कातडी आधीच ओढलेली आणि दमट असते, आणि तिथेच पातं अगदी कातडीला लागून पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं. त्यातून येणारी लाली किंवा बारीक पुरळ लगेच दिसत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वर येते. पोट, जांघा, काखा, गळा आणि गुदाभोवतीचा भाग ही तिची नेहमीची ठिकाणं. गुदाजवळ हुळहुळलं की कुत्रा बूड घासतो. घासणं चार-पाच दिवसांत थांबलं नाही तर गुदग्रंथी (गुदाच्या दोन्ही बाजूंच्या लहान पिशव्या) भरल्या आहेत का, ते पशुवैद्यांकडून तपासून घ्या.

साध्या लालीला घरचा उपाय पुरतो. स्वच्छ सुती फडकं गार पाण्यात भिजवून पिळा, पाच-दहा मिनिटं त्या जागी ठेवा आणि नंतर जागा टिपून कोरडी करा. दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट लावू नका. याहून महत्त्वाचं म्हणजे चाटणं थांबवणं. कुत्रा रात्रभर एकाच जागी चाटत राहिला तर सकाळपर्यंत साध्या लालीचा ओला, पाझरणारा, दुखरा चट्टा होतो. त्याला हॉट स्पॉट म्हणतात आणि मग औषधाशिवाय गत्यंतर नसतं. म्हणून तुमची नजर नसेल तेव्हा गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घाला. पोटाशी चाटत असेल तर अंगाला बसणारा मऊ सुती टी-शर्टही चालतो, फक्त तो ओला राहता कामा नये.

घरातलं माणसांचं मलम लावू नका. बाळांच्या रॅशवर लावायच्या बऱ्याच क्रीममध्ये झिंक ऑक्साइड असतं. कुत्रा ते चाटतोच, आणि पोटात जास्त गेलं तर उलट्या होतात, शिवाय जस्तामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. टी ट्री ऑइल नैसर्गिक म्हणून लोक सर्रास लावतात, पण कुत्र्यांसाठी ते विषारी आहे. अंगाला थरथर सुटते, पायांतली ताकद जाते. कोरफडीच्या पानातला सालीलगतचा पिवळा चीक पोटात गेला की जुलाब होतात. स्टिरॉइडचं मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण खाली जंतुसंसर्ग असेल तर तो त्याने वाढतो.

कानांवरच्या जटा काढल्या असतील तर एक दिवस कानांकडे खास लक्ष द्या. वजनदार जट अचानक निघाली की कानाच्या पाळीतला रक्तप्रवाह वाढतो, कान खाजतो आणि कुत्रा जोरजोरात डोकं झटकतो. त्या झटकण्याने पाळीतली बारीक रक्तवाहिनी फुटून आत रक्त साकळू शकतं. पाळी सुजलेली, गरम, लिबलिबीत लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. नुसतं झटकणं चालू असेल तर डोक्याभोवती मऊ, ताणला जाणारा कापडी पट्टा सैलसर घालून कान काही तास डोक्यालगत ठेवता येतात. पट्ट्याखाली बोटं सहज गेली पाहिजेत आणि तो असेपर्यंत तुम्ही जवळ असायला हवं.

एक आजार फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून मुद्दाम लिहिते. आंघोळ आणि ग्रूमिंगनंतर साधारण एक-दोन दिवसांत पाठीवर अचानक दुखरे फोड येतात, कुत्रा हात लावू देत नाही, मलूल होतो, ताप येतो. हा केसांच्या मुळांत खोलवर होणारा जंतुसंसर्ग आहे, बहुधा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा. पाणी घालून पातळ करून ठेवलेल्या शाम्पूच्या बाटलीत हा जिवाणू वाढतो आणि केस उलटे चोळत आंघोळ घातली की मुळांत शिरतो. फोड लहान दिसले तरी वेदना फार असतात. इथे फडकं, पावडर, घरगुती काहीच करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि आंघोळ किंवा ग्रूमिंग कधी झालं ते आवर्जून सांगा. निदान लवकर होण्यासाठी तीच माहिती सगळ्यात उपयोगी पडते.

आणि आजच, हे वाचून झाल्यावर, गळ्याचा पट्टा आणि हार्नेस तपासा. दाट केस गेले की गळ्याचा घेर बराच कमी होतो आणि कालपर्यंत नीट बसणारा पट्टा आज डोक्यावरून निघतो. बावरलेला कुत्रा रस्त्यावर मागे सरकतो, मान खाली घालतो आणि सुटतो. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, त्याहून जास्त नको. पुढे केस वाढतील तसा तो पुन्हा सैल करायचा हेही लक्षात ठेवा.

बारीक केसांचा एक मोठा फायदा आहे, तो सोडू नका. एरवी लपून राहणारी कातडी आता उघडी आहे. चांगल्या उजेडात त्याला शांतपणे आडवं करून सगळं अंग बोटांनी चाचपा. गाठ, चामखीळ, जुनी जखम, खपल्या, गोल चट्टे दिसले तर फोटो काढून ठेवा, म्हणजे महिन्याभराने तुलना करता येते. गोचीड बोटांच्या फटींत, कानाच्या घडीत, पापण्यांजवळ आणि शेपटीखाली बघा. कातडीवर काळे बारीक कण दिसले तर ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू स्वतः दिसली नाही तरी उपचार करायचा. आणि बरगड्या चाचपा. हलक्या हाताने फासळ्या जाणवल्या पाहिजेत. फुगीर कोटखाली वाढलेलं वजन किंवा खंगलेलं अंग दोन्ही लपतं, आणि केस कापल्यावर पहिल्यांदाच ते बघून घरचे चकित होतात.

आता आंघोळ. ग्रूमरकडे ती झालेलीच असते, तेव्हा पुढचे दोन आठवडे नको. अंगावर लाली असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत थांबा. नंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी एकदा पुरते. कुत्र्याच्या कातडीचा बाहेरचा थर माणसाच्या मानाने पातळ असतो आणि तिची आम्लताही वेगळी असते. माणसाची त्वचा बरीच आम्लधर्मी, कुत्र्याची उदासीनच्या आसपास. म्हणून माणसांचा शाम्पू नको, लहान बाळांचाही नको. कुत्र्यांसाठीचा साधा, वास कमी असलेला शाम्पू त्या वेळेपुरता पाण्यात मिसळून घ्या आणि उरलेला ओतून द्या. का, ते वर आलंच आहे. पाणी कोमट, हात केसांच्या दिशेने. लांब केसांपेक्षा बारीक केसांत शाम्पू लवकर पसरतो, त्यामुळे तो कमी लागतो, आणि धुवायला मात्र तेवढाच वेळ द्यायचा. फेस दिसेनासा झाला तरी आणखी दोन मिनिटं पाणी घाला. आंघोळीनंतरची खाज बऱ्याचदा राहिलेल्या शाम्पूची असते. अंग पंचाने टिपा, रगडू नका. ड्रायर कमी उष्णतेवर, हात आणि ड्रायर दोन्ही हलते ठेवून. डबल कोट बारीक कापलेला असला तरी खालची लव पाणी धरून ठेवते. वरून कोरडं वाटतं, म्हणून बोटं मुळाशी घालून बघा. गोचीड-पिसवांचं मानेवर सोडायचं औषध वापरत असाल तर त्याच्या आधी आणि नंतर साधारण दोन दिवस आंघोळ टाळा. नेमका काळ पाकिटावर दिलेला असतो, तो पाळा.

तेलाचं उत्तर सरळ नाही असं आहे. वरून तेल लावून केस लवकर येत नाहीत, दाटही होत नाहीत. केस मुळातून वाढतो आणि मुळाला लागणारं सगळं रक्तातून येतं. तेलाने अंग चिकट होतं, धूळ बसते, कुत्रा चाटून पोट बिघडवतो, आणि दमट हवेत कातडीवर यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा, त्रास असेल तर तो वाढतो. कातडी कोरडी पडून कोंडा दिसत असेल तर कुत्र्यांसाठीचं ओट्स असलेलं कंडिशनर किंवा हलका मॉइश्चरायझिंग स्प्रे बरा. पुन्हा पुन्हा भादरल्याने केस जाड येतात हाही समज खोटा आहे. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून हाताला जाड लागतं, एवढंच.

पोटातून काय जातं याला मात्र अर्थ आहे. केस जवळजवळ सगळाच केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. भरपूर केसांच्या कुत्र्यात रोजच्या प्रथिनाचा मोठा वाटा कातडी आणि केसांवर खर्च होतो. वयाला योग्य असं संतुलित खाणं पुरेसं मिळत असेल तर वेगळं काही लागत नाही. ओमेगा-३ साठी माशाचं तेल द्यायचं असेल तर मात्रा डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्या. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात.

आता केसांचं. केस मुळातून सतत वाढत नाहीत. वाढीचा काळ, मग विश्रांतीचा काळ, मग गळणं, असं चक्र असतं. पूडल प्रकारच्या कुत्र्यांत बहुतेक मुळं एका वेळी वाढीच्या काळात असतात, त्यामुळे कापलं की लगेच वाढ दिसते. पोमेरेनियन, हस्की, सामोयेड यांच्यात उलट आहे, बहुतेक मुळं विश्रांतीत असतात. नेमकं तेव्हाच कापलं गेलं तर ती जागी होईपर्यंत तिथे काहीच उगवत नाही. आखूड केसांच्या कुत्र्यात कापलेले केस तीन-चार महिन्यांत भरून येतात, लांब केसांत दीड वर्षापर्यंतचा काळही नेहमीचाच समजतात. डबल कोटमध्ये लव आधी येते आणि संरक्षक केस मागून. म्हणून मधल्या काही महिन्यांत कोट लोकरीसारखा, निस्तेज, चट्ट्याचट्ट्यांचा दिसतो. रंगही फिका वाटू शकतो, कारण पुष्कळ कुत्र्यांत गडद रंग केसाच्या टोकाला असतो आणि टोकंच कापली गेलेली असतात. या अवस्थेला घाबरून बरोबरीने करायला म्हणून पुन्हा क्लिपर फिरवू नका. संरक्षक केसांना पूर्ण वाढू द्या. मृत केस ओढून काढणाऱ्या दातेरी पात्याची साधनंही या काळात बाजूला ठेवा, ती नव्याने येणारे संरक्षक केस तोडतात.

कधी कधी केस खरोखरच महिनोन् महिने येत नाहीत. डबल कोटच्या काही कुत्र्यांत क्लिपर फिरल्यावर वाढ थांबते. बहुतेकदा ती सहा महिने ते वर्षभरात परत सुरू होते, क्वचित त्याहून उशीर होतो. माझा नियम साधा आहे. तीन-चार महिन्यांनी नव्या केसांचं काहीच चिन्ह नसेल तर डॉक्टरांना दाखवायचं. कारण काही वेळा केस कापणं हे निमित्त असतं आणि आजार आधीपासून असतो. थायरॉइड मंदावलेल्या कुत्र्यात केस कापल्यावर परत येत नाहीत. तो सुस्तावतो, वजन वाढतं, थंडी सहन होत नाही. कुशिंग नावाच्या आजारात तहान आणि लघवी खूप वाढते, पोट सुटतं, धाप लागते. पोमेरेनियन आणि त्याच्या जवळच्या जातींत अलोपेशिया एक्स नावाचा प्रकार दिसतो. धड, मान आणि मांड्यांवरचे केस जातात, कातडी काळपट होते, डोकं आणि पुढचे पाय मात्र भरलेलेच राहतात. खच्चीकरण न झालेल्या नरांत तो जास्त आढळतो. कुत्रा एरवी ठणठणीत असतो आणि खाजही नसते. यांपैकी काय आहे, ते तपासण्या करूनच कळतं. केस वाढवणारी औषधं आपल्या मनाने देऊ नका.

केस येईपर्यंत अंगाचं रक्षण तुम्हाला करायचं आहे. कुत्रा स्वतःला मुख्यतः धापून थंड करतो, घामाच्या ग्रंथी कामाच्या अशा फक्त पंजांत असतात. त्यामुळे केस काढले म्हणजे त्याला उन्हाचा त्रास होणार नाही असं नाही. अंगावरचा कोट ऊन आणि थंडी दोन्ही अडवत होता. कडक उन्हाची वेळ टाळा. अंग पांढरं किंवा कातडी गुलाबी असेल तर पाठ, कान, नाक भाजू शकतं. त्यासाठी पातळ सुती अंगरखा किंवा कुत्र्यांसाठीचं सनस्क्रीन, तेही झिंक ऑक्साइड नसलेलं. थंडीत आणि एसीमध्ये स्वेटर चालेल, पण घरात आल्यावर काढून ठेवा. सतत घासणारं कापड वाढत्या केसांत गाठी करतं, तीच गोष्ट हार्नेसची. डासही आता कातडीपर्यंत सहज पोचतात. हृदयातल्या जंतांचा संसर्ग डासांतूनच होतो, तेव्हा डॉक्टरांनी त्यासाठी औषध सांगितलं असेल तर त्यात खंड पडू देऊ नका.

आता ब्रश. तीन ते सहा मिलिमीटर केस असताना टोकदार तारांचा स्लिकर ब्रश लावू नका, त्याने कातडीवर ओरखडे येतात. रबरी ब्रश किंवा मऊ केसांचा ब्रश घ्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा, काही मिनिटं, केसांच्या दिशेने फिरवा. मृत कातडी निघते, कातडीचं स्वतःचं तेल केसांवर पसरतं, आणि सगळ्यात मोठा लाभ म्हणजे सवय लागते. ज्या कुत्र्याला जटा झाल्या त्याच्यासाठी ब्रश म्हणजे दुखणं, हे पक्कं झालेलं असतं. आता गुंता नाही, त्यामुळे दुखण्याचं कारणच नाही. ब्रश दाखवा, एक हात फिरवा, खाऊ द्या, थांबा. पंजे, काखा, कानांची मागची बाजू, शेपटीचं मूळ, जिथे तो पूर्वी ओरडायचा तिथे अगदी थोडं थोडं. हे दिवस पुन्हा मिळत नाहीत. गुंता नसताना शिकलेला कुत्रा पुढे वर्षानुवर्षं शांत उभा राहतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

केस एक-दोन सेंटिमीटर झाले की मऊ दातांचा स्लिकर आणि स्टीलचा कंगवा हातात घ्या. स्लिकर किती दाबायचा हे आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. तुम्हाला टोचलं तर त्यालाही टोचतं. अडीच सेंटिमीटरच्या पुढे कुरळ्या आणि मिश्र कोटला रोज ब्रश लागतो, डबल कोटला आठवड्यातून दोन-तीनदा. जटांचा धोका सगळ्यात जास्त याच टप्प्यात असतो, कारण केस वरून गुळगुळीत दिसतात आणि गाठ मुळाशी धरते. नुसता वरवर ब्रश फिरवणारे घरचे मला मनापासून सांगतात की रोज करतो, आणि ते खरंही असतं. ब्रश मुळापर्यंत पोचलेला नसतो एवढंच. एका हाताने केस वर धरायचे, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. तिथून एक एक पातळ थर खाली सोडत ब्रश करायचा. शेवटी कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तर ती जागा झाली. अडकला तर गाठ तिथेच आहे. कानामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली, मांड्यांच्या मागे कंगवा घातल्याशिवाय उठू नका.

वाटाण्याएवढी गाठ सापडली तर मूळ चिमटीत धरा म्हणजे कातडी ओढली जात नाही, थोडा कंडिशनर स्प्रे मारा, बोटांनी फाडत सैल करा आणि टोकाकडून कंगव्याने सोडवा. हे आंघोळीच्या आधी. पाण्याने गाठ आवळते. कात्री कधीच नको. जटेत कातडी ओढली गेलेली असते आणि कात्रीखाली ती दिसत नाही. घरच्या घरी जट कापताना कातडीच कापली गेलेले आणि टाके पडलेले कुत्रे दर हंगामात डॉक्टरांकडे पोचतात.

पुढच्या वेळी ग्रूमरला बारीक करा एवढंच सांगू नका, मिलिमीटरमध्ये बोला. १० नंबरच्या पात्याने केस साधारण दीड मिलिमीटर उरतात, ७ नंबरने तीन, ५ नंबरने सहा, ४ नंबरने नऊ-साडेनऊ. पातं केसांच्या उलट दिशेने फिरवलं तर उरणारे केस त्याहून आखूड होतात. पूडल, शिह त्झू प्रकारच्या कुत्र्याला मी नऊ मिलिमीटरपेक्षा खाली सहसा जात नाही, जटा नसतील तर बारा-पंधरा ठेवते. कातडी झाकलेली राहते आणि ब्रशही सोपा जातो. पुढची वेळ सहा ते आठ आठवड्यांची आजच ठरवून टाका. केस गुंतायची वाट बघायला नको. डबल कोटच्या कुत्र्याला मात्र अंगावर क्लिपर लावू देऊ नका, तो फक्त जटा, शस्त्रक्रिया किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणासाठी. त्याच्यासाठी चांगली आंघोळ, जोरदार हवेच्या ड्रायरने मोकळी केलेली मृत लव, कंगवा, आणि पंजे, बूड, मांड्यांमागचे केस कात्रीने नीटनेटके करणं, एवढं सांगा. उन्हाळ्यातही तेवढं पुरतं.